‘ईयोबालाही देवाने गप्प केलं’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

बंधू, सलाम.

देवाला प्रश्न विचारावेत, या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत, ‘देवाला जाब विचारणं हा अविश्वास आहे. ईयोबालाही देवाने गप्प केलं. ताई, शास्त्र आधी नीट वाचा, मग इतरांना शिकवा.’ शिवाय भाषांतराबद्दल आणि बायकांनी शिकवण्याबद्दल दोन-चार वाक्यं. (ईयोब म्हणजे बायबलमधला तो नीतिमान माणूस, ज्याच्यावर अकारण दुःख कोसळलं; त्याच्याच नावाच्या पुस्तकाबद्दल आपण बोलतोय.)

एक चूक कबूल. लेखात दिलेलं ईयोबाचं वचन ४२:७ (अध्याय ४२, वचन ७) आहे, माझ्याकडून ४०:७ पडलं. दुरुस्त केलंय. पण ‘नीट वाचा’ हे कोणाला सांगता? बावीस वर्षं शब्बाथ शाळेत, म्हणजे मंडळीच्या बायबल वर्गात, शिकवतेय मी. मतभेद असू द्यात, पण ही काय बोलायची रीत झाली?

ईयोब तोंडावर हात ठेवतो ते ४०व्या अध्यायात, मलाही ठाऊक आहे. तुम्ही तिथेच पुस्तक मिटलंत. दोन अध्याय पुढे देवाचा राग कोणावर भडकतो? ईयोबाचं सांत्वन करायला आलेल्या अलीफज आणि त्याच्या दोघा मित्रांवर. देवाची बाजू घेऊन ईयोबाला गप्प करायला बसलेल्यांवर! अर्पणासाठी सात बैल, सात एडके घेऊन त्यांनाच ईयोबाच्या दारी जावं लागलं. संपूर्ण पुस्तकात हे तिघे देवाशी एक शब्द बोलत नाहीत, नुसते देवाविषयी बोलतात. ईयोब थेट देवाशीच भांडतो. आणि देव? दुःखाचं कारण तो शेवटपर्यंत सांगत नाही, पण वावटळीतून येतो तो त्या भांडणाऱ्याकडेच.

हे मी पुस्तकात वाचून शिकले नाही. पप्पा गेले तेव्हा मी अकरा वर्षांची होते. घरी प्रार्थनेला आलेल्या एका वडीलधाऱ्यांना विचारलं, देव चांगला आहे ना, मग पप्पांना का नेलं? ‘असं बोलू नये, सैतान बोलवतो,’ म्हणाले. पुढे कित्येक महिने मी प्रार्थनेत नुसते ओठ हलवले. मग एका रात्री आजीने चष्म्याची दोरी कानामागे सारली, बायबलमधलं दाविद राजाचं तेरावं स्तोत्र काढलं आणि ‘कोठवर’खाली नखाने रेघ ओढली. पहिल्या दोन वचनांत चार रेघा. ‘दाविदाने म्हटलंय ना, तू पण म्हण.’ त्या रात्री मी देवाशी पुन्हा बोलले. तुमच्या लेखी हा अविश्वास!

बाकीच्या मुद्द्यांत मी शिरत नाही. ४२:७ तेवढं उघडून वाचा, आणि देव तिथे कोणावर रागावलाय ते इथेच लिहा.