‘फाइल्स’ फोल्डर आवरायचा कशाला? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. तुम्ही एवढं सविस्तर लिहिलंत, त्याबद्दल आधी आभार.

जेंटू या लिनक्स वितरणाच्या पॅकेजमधल्या ‘फाइल्स’ फोल्डरात फक्त छोटे पॅच (सोर्स कोडमधली दुरुस्ती सांगणाऱ्या फाइली) आणि कॉन्फिग ठेवा, कामातून गेलेली फाइल जुन्या इबिल्डबरोबरच (पॅकेज कसं बांधायचं ते सांगणाऱ्या स्क्रिप्टबरोबरच) काढा, असं मी मूळ लेखात म्हटलं होतं. तुमचं म्हणणं असं: डिस्क स्वस्त झाली, इतिहास गिटमध्ये (बदलांची नोंद ठेवणाऱ्या प्रणालीत) राहतोच, मग 20 केबीची मर्यादा कशाला? शिवाय तुमच्या ओव्हरलेत (स्वतःच्या वेगळ्या पॅकेज-संग्रहात) ‘फिक्स’, ‘फिक्स-2’ अशी नावं आहेत आणि काही अडत नाही.

प्रश्न तुमच्या-माझ्या डिस्कचा नाहीच. सोर्सची टारबॉल (एकत्र बांधलेली संग्रह-फाइल) ज्याला पॅकेज बसवायचंय तोच उतरवतो. ‘फाइल्स’मधला पॅच मात्र जेंटूचा पॅकेज-संग्रह सिंक करणाऱ्या प्रत्येकाच्या घरी जातो, त्याने त्या पॅकेजचं नावही ऐकलेलं नसलं तरी. म्हणून मोठा पॅच बाहेर ठेवून त्याचा चेकसम (फाइल बदललेली नाही ना, हे तपासायचा आकडा) पॅकेजच्या मॅनिफेस्ट फाइलमध्ये नोंदवतात.

पण बाहेरच्या टारबॉलमधला पॅच कमिटच्या डिफमध्ये, म्हणजे गिटमध्ये नोंदलेला बदल दाखवणाऱ्या मजकुरात, दिसत नाही, हा तुमचा मुद्दा मला पूर्ण पटला. मार्च 2024 मध्ये एक्सझेड या कॉम्प्रेशनच्या साधनाचं प्रकरण उघडकीला आलं, ते आठवा. घातक कोड चाचण्यांच्या बायनरी फाइलींत दडवला होता, आणि त्याला बिल्डमध्ये घुसवणारी एम-फोर फाइल (बिल्डची तयारी करणारी पूरक फाइल) फक्त रिलीजच्या टारबॉलमध्ये होती, गिटमध्ये नव्हतीच. पूरक फाइल म्हणून तिकडे कुणी बघितलं नाही. तेव्हा मोठा पॅच आधी तोडून लहान करता येतो का ते बघावं, अगदीच इलाज नसेल तर टारबॉल. मूळ लेखात ही दुरुस्ती आजच करतो.

नावांबाबत मात्र मी ठाम आहे, कारण त्याचा फटका मी खाल्लाय. माझ्या ओव्हरलेत नावाच्या शेवटी ‘1.2-जीसीसी’ असलेला एक पॅच होता. पूर्ण नाव ग्रेप या मजकूर शोधणाऱ्या कमांडने शोधलं, एकाही इबिल्डमध्ये सापडला नाही. निरुपयोगी समजून उडवला. दुसऱ्या दिवशी एकाचा बिल्ड पडला. इबिल्डमध्ये नाव ‘पी’ या व्हेरिएबलने लिहिलेलं होतं, म्हणजे पॅकेज आणि आवृत्ती दोन्ही त्यात गुंडाळलेली. ग्रेपला ती दिसणार कशी? त्याच इबिल्डची 1.3 साठी कॉपी केली असती, तर ‘पी’ बदलून पॅच सापडलाच नसता. तेव्हापासून मी पॅकेजच्या नावापुरता ‘पीएन’ वापरतो आणि पॅच ज्या आवृत्तीसाठी केला तो आकडा हाताने लिहितो. आवृत्ती पुढे सरकते, फाइल जागची हलत नाही, आणि शोधली की सापडते.

इतिहास गिटमध्ये असतो, खरंय. पण रात्री अकराला बिल्ड पडलेल्या माणसासमोर गिट लॉग नसतो, ‘फिक्स-2’ असतं. त्या फाइलच्या डोक्यावर दोन ओळी लिहा: काय मोडत होतं, आणि मूळ प्रकल्पाकडे कोणत्या बगखाली कळवलंय. तो बग तिकडे मिटला की तुमचा पॅच काढायची वेळ झाली, हे तुमच्यानंतर येणाऱ्यालाही कळेल.