पहिला वार पुरुषाचा

शाळेतून चिठ्ठी आली. दिवाळीच्या सजावटीसाठी फळ कोरून कंदील आणा. मुलाने स्वतः करायचा. मात्र मुलाच्या हाती सुरी द्यायची नाही, आत पणती लावायची नाही, टूथपिकसुद्धा टोचायची नाही. म्हणजे स्वयंपाक करा, पण चूल पेटवू नका.

"भोपळा हे फळ आहे का रे?"

"आत बिया असतात ना, बाबा!" दुसरीतल्या चिरंजीवांनी माझं अज्ञान दूर केलं.

सयाजीराव महाराजांनी 1906 साली बांधलेल्या खंडेराव मार्केटच्या त्या देखण्या इमारतीपाशी मी आजवर पाव किलोच्या फोडीपलीकडे गेलो नव्हतो. भाजीवाला चमकला. "आखुं कोळुं? घेर लगन छे?" बडोद्यात जन्म गेला, तरी माझा इथे घोटाळा होतोच. आमचा कोहळा म्हणजे पेठ्याचा, त्यांचं कोळुं म्हणजे आमचा लाल भोपळा, आणि त्यांचं भोपाळुं म्हणजे फजिती. साडेचार किलोची फजिती पिशवीत घालून दांडिया बाजारात घरी आलो.

बायकोने विळी काढली, तोच आई ओरडली, "थांब गं! अख्खा भोपळा बायकांनी फोडायचा नसतो. पहिला वार पुरुषाचा."

"आईंचं बरोबर आहे," असं म्हणत बायकोने विळी संशयास्पद वेगाने आडवी केली. लग्नाला बारा वर्षं झाली, सासूसुनेचं एकमत त्या दिवशी प्रथम पाहिलं.

आईने भोपळ्याला कुंकू लावलं. मी सुरी खुपसली. ती दीड इंच आत गेली आणि तिथेच रमली. पुढे जाईना, मागे येईना. जोर लावून उपसायला गेलो, तर सुरीबरोबर भोपळाही वर आला. गदा पेललेल्या मारुतीसारखा मी स्वयंपाकघरात उभा, आणि पोरगं टाळ्या पिटतंय.

अर्ध्या तासाने वरची टोपी सुटली आणि टुप्पकन आत पडली. शेजारच्या काकी तेवढ्यात डोकावल्या. कापायचं ते तिरपं, म्हणजे झाकण आत पडत नाही. आणि खरं म्हणजे वरून कापायचंच नाही, बुडाला भोक पाडून भोपळा दिव्यावर पालथा घालायचा. काकींचं सगळं ज्ञान बरोब्बर काम झाल्यावर येतं.

पुढचं काम मुलाचं. डावाने बिया काढणं, स्केचपेनने तोंड काढणं, आणि बिस्किटाचा चांदणीचा साचा सालीवर ठेवून लाटण्याने ठोकणं. साचा आरपार जायला भिंत इंचाहून पातळ हवी, म्हणून खरवडणं माझ्याकडे. आयर्लंडमधले लोक पूर्वी असले कंदील सलगमचे कोरायचे. अमेरिकेत गेल्यावर त्यांना भोपळा सापडला. मला मात्र त्या क्षणी सलगमची फार ओढ लागली.

आई माळ ओढत म्हणाली, "एवढी हाणामारी कशाला? नवरात्रातला गरबा काय वेगळा असतो? भोकांचं मडकं, आत दिवा. कुंभाराने आयता दिला असता." तोवर माझ्या करंगळीला पट्टी बांधून झाली होती.

दिवा शेलवरचा आणला. त्याचं झाकण स्क्रूने बंद होतं की नाही, ते मात्र दुकानात नीट पाहून घेतलं. आतल्या शेलची ती बटणासारखी चकती पोराने गिळली, तर दोन तासांत अन्ननलिका भाजू शकते. तिथे थट्टा नाही.

मग तीन दिवस घारगे. सकाळी घारगे, डब्यात घारगे, काकींकडे घारगे. शाळेत मिरवून परत आलेल्या कंदिलानेही ऑक्टोबरच्या उन्हात तिसऱ्या दिवशी मान टाकली. गाल बसले, तोंड आत गेलं. कवळी काढून ठेवलेल्या आमच्या आजोबांसारखा तो खिडकीत दिसू लागला, आणि पोरगं त्याला टाकू देईना.

"पुढच्या वर्षी संत्र्याचा करू," बायकोला माझी दया आली असावी. "संत्रं मी कापलेलं चालतं ना हो, आई?"

आईची माळ थांबली.

"चालत असेल. पण उगाच शंका कशाला? त्यालाच कापू दे."