माझी तक्रार हर्षद निघाली

बँकेच्या पासबुकात गेले पाच महिने मी श्रीमती आहे. कसा झालो ते विचारू नका, बँकेलाही माहीत नाही. मंगळवारी चौथ्यांदा गेलो, तेव्हा कुठे तक्रार क्रमांक मिळाला. १४२८५७. टोकन ६१.

शेजारच्या खुर्चीत एक काका. मांडीवर कापडी पिशवी, खिशाला दोन पेनं. त्यांनी माझ्या मोबाइलात मान घातली.

"अहो, हा नंबर *तुम्हाला* दिला?"

त्या 'तुम्हाला'वरचा जोर मला अजून खुपतोय.

काकांनी माझ्या हातातला अर्ज घेतला, उलटा केला आणि माझंच पेन मागितलं. "दोननं गुणा. २८५७१४. तीननं, ४२८५७१. आकडे तेच, फक्त जागा बदलल्या! सहापर्यंत हेच चालतं."

"माझा अर्जही असाच फिरतोय," मी म्हणालो. "या टेबलावरून त्या टेबलावर. कागद तेच."

काकांना विनोद ऐकू येत नसावेत. "एकाला सातानं भागा. हेच सहा आकडे पुन्हा पुन्हा, अंतच नाही!" हे त्यांनी इतक्या आनंदानं सांगितलं की काउंटरवरच्या बाईंनी दचकून वर पाहिलं. पाच महिन्यांत प्रथमच.

मग वर्ग. २०४०८१२२४४९. काकांनी मधोमध रेघ मारली, थेट माझ्या सहीवर उमटेल इतकी दाबून. "२०४०८ अधिक १२२४४९. किती? पुन्हा १४२८५७! कापरेकर संख्या. आपल्या देवळालीचे शाळामास्तर."

कापरेकरांबद्दल माझी तक्रार नाही. मोठा माणूस. त्यांच्या डेमलो संख्यांना नाव मिळालं ते एका रेल्वे स्टेशनवरून. डेमलो म्हणजे आताचं डोंबिवली. ती कल्पना म्हणे त्यांना तिथेच सुचली. मी त्याच स्टेशनावर अकरा वर्षं उभा राहिलो. मला एकच संख्या सुचली, चौथी सीट. तीही कधी मिळाली नाही.

"आता अंकांची बेरीज करा. सत्तावीस. सत्तावीसनं भागा, ५२९१, बाकी शून्य! म्हणजे हर्षद संख्या. हे नावही कापरेकरांचंच. हर्ष देणारी!"

मला काडीचाही हर्ष होत नव्हता. वर बोर्डावर ६३ लागलं होतं.

"अगं बाई, माझं!" म्हणत काका गुणाकार अर्धवट टाकून पळाले. म्हणजे इतका वेळ यांचा एक डोळा बोर्डावर होता! त्यांचं काम दोन मिनिटांत झालं. मी खिडकीशी गेलो.

"६१ केव्हाच गेलं. नवं टोकन घ्या. आणि हे काय? अर्जावर हिशेब चालत नाहीत, नवा भरा."

"अहो, हे मी नाही..."

"मॅडम... सॉरी, सर. नवा भरा."

नवे अर्ज संपले होते. ते सोमवारी येतात. या देशात शून्याचा शोध लागला याचा अभिमान बाळगावा, पण दर खिडकीवर तो पुन्हा लावायलाच हवा का?

दाराशी काका भेटले. माझं पेन त्यांच्या खिशात, तिसरं. "सातानं गुणायचं राहिलं हो आपलं!"

रिक्षात बसून गुणलं. ओळीनं सहा नऊ आले. मीटरवर एकोणचाळीस झाले होते. पन्नासची नोट दिली, रिक्षावाल्याकडे सुट्टे नव्हते.