टकलावरचं दुरुस्ती खातं

डोक्यावर केस असतात तोवर ऊन डोळ्यांना लागतं. केस गेले की ते थेट टाळूशीच बोलतं.

गच्चीवरच्या टाकीचं झाकण वाऱ्याने उडालं होतं. तारेने बांधून 'हा आलोच' म्हणत भर दुपारी वर गेलो. जिन्यात "अहो, टोपी!" अशी हाक आली होती, पण काही हाका ऐकू न येण्याची कला लग्नानंतर आपसूक अंगी येते. झाकणाने तास खाल्ला. संध्याकाळी मुलीने माझ्याकडे बघून "सिग्नल लाल" असं जाहीर केलं.

रात्री डोकं उशीला टेकवेना, म्हणून वाचत बसलो. अतिनील किरण पेशीत शिरले की डीएनएच्या धाग्यावर शेजारी-शेजारी बसलेले दोन थायमिन (डीएनएच्या चार अक्षरांपैकी एक) एकमेकांना चिकटतात. अरुंद जिन्यात दोन जुने मित्र भेटावेत तसे. मागून येणारं, नक्कल काढणारं एन्झाइम तिथेच अडतं. मग दुरुस्तीवाले येतात. चिकटलेल्या जोडीसकट सुमारे 30 अक्षरांचा तुकडा कापतात, समोरच्या धाग्यावर बघून तेवढाच नवा भरतात आणि लायगेज नावाचं एन्झाइम शेवटचा सांधा बुजवतं. इकडे मी बांधलेलं झाकण अजून खडखडत होतं.

पण माझा खरा जळफळाट झाला तो फोटोलायेजवर. हे एन्झाइम निळा प्रकाश पकडतं आणि त्याच्या जोरावर ती जोडी नुसती सोडवतं. कापाकापी नाही, काही नाही. ज्या उन्हाने घाण केली त्याच्याच हातात झाडू! अझीझ सान्जार यांनी या दोन्ही तऱ्हांच्या दुरुस्तीवर आयुष्य घातलं आणि 2015 चं रसायनशास्त्राचं नोबेल दोघांसोबत वाटून घेतलं. फोटोलायेज जिवाणूंकडे आहे, बेडकाकडे आहे, कांगारूकडेसुद्धा आहे. माणसाकडे नाही. आपल्या पूर्वजांनी ते वाटेत कुठेतरी हरवलं. आमच्या घरात छत्र्या हरवतात, ती परंपरा बरीच जुनी दिसते.

चौथ्या दिवशी टकलाची सालं निघाली. नुकसान दुरुस्तीपलीकडे गेलं की पेशी चुकीच्या मजकुराच्या प्रती काढत बसत नाही, स्वतःच संपते. उशीवरचा कोंडा म्हणजे हुतात्मे आहेत, असं मी बायकोला समजावलं. तिने उशी खिडकीबाहेर झटकली.

रविवारी झाकण पुन्हा उडालं. तार घेऊन निघालो, तोच मागून आवाज आला, "अहो, तुम्ही कांगारू नाही. टोपी!"