स्क्रीन बंद, प्रोसेसर मंद?

टॅबलेटबद्दलचा एक मेसेज पुन्हा पुन्हा फिरत येतो. गोषवारा असा: स्क्रीन बंद झाली की कंपन्या प्रोसेसरचा वेग गुपचूप उतरवतात, खात्री करायची तर वेग दाखवणारं अ‍ॅप टाकून बघा, डाउनलोड रखडतं ते यामुळेच, कंपन्यांनी हे कबूलही केलंय, तेव्हा मोठं काम असेल तर स्क्रीन चालू ठेवा आणि सगळ्या अ‍ॅपचं बॅटरी ऑप्टिमायझेशन बंद करून टाका. यात थोडं तथ्य आहे, म्हणूनच तो पटतो. पण निदान चुकलंय, आणि सांगितलेलं औषध बॅटरीच्या मुळावर येणारं आहे.

‘गुपचूप वेग उतरवतात’ यापासून सुरुवात करू. वेग उतरतो हे खरं, पण स्क्रीन चालू ठेवून तुम्ही एखादं पान वाचत बसलात तरी तो उतरतोच. अँड्रॉइडच्या पोटात लिनक्सचं कर्नल, म्हणजे हार्डवेअर सांभाळणारा गाभा, आहे. त्यातला ‘गव्हर्नर’ नावाचा भाग अंगावर किती काम आहे ते सतत बघतो आणि सेकंदात कितीतरी वेळा वेग बदलतो. 2016 साली कर्नलच्या 4.7 आवृत्तीत आलेला ‘शेडयुटिल’ हा गव्हर्नर तर कामाचा अंदाज थेट शेड्युलरकडूनच, म्हणजे कुठलं काम कधी चालवायचं ते ठरवणाऱ्या भागाकडूनच, घेतो. यामागे साधं गणित आहे. चिपला लागणारी वीज वेगाच्या प्रमाणात आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वेग उतरवला की व्होल्टेजही उतरवता येतं, म्हणजे बचत दोन्हीकडून. स्क्रीन बंद असताना बोटाचा स्पर्श नसतो, सेकंदाला साठ वेळा चित्र रंगवायचं नसतं. कामच उरलं नाही तर वेग कशाला हवा? आणि गुपचूप म्हणावं तर या गव्हर्नरचा कोड कुणालाही उघडून वाचता येतो.

तथ्य कुठे आहे तेही सांगतो. एनव्हिडियाच्या टेग्रा 3 या चिपमध्ये चार मुख्य कोअरखेरीज (कोअर म्हणजे प्रोसेसरमधला प्रत्यक्ष काम करणारा एकेक भाग) पाचवा एक छोटा कोअर होता, जास्तीत जास्त 500 मेगाहर्ट्झचा, खास स्टँडबाय आणि हलक्या कामांसाठी. 2012 चा नेक्सस 7 याच चिपवर चालायचा. पण कंपनीने हे लपवलं नव्हतं, उलट जाहिरातीत मिरवलं होतं. त्या काळात हौशी मंडळींनी बनवलेल्या काही कर्नलमध्ये ‘स्क्रीन बंद असतानाचा कमाल वेग’ अशी सेटिंगच असायची, आणि लोक बॅटरी वाचवायला ती आपल्या हाताने खाली ओढायचे. मला वाटतं, या मेसेजची मुळं त्याच दिवसांत आहेत.

आजही पडद्याआडच्या अ‍ॅपला बहुतेक वेळा छोट्या, कमी वीज खाणाऱ्या कोअरवर बसवलं जातं. तेवढ्यापुरतं काम हळू होतं, हे मान्य. पण तुमचं काम *अर्धवट* राहतं ते यामुळे नाही. ते थांबतं, कारण टॅब झोपतो. जागं राहायचं असेल तर अ‍ॅपला तशी मागणी नोंदवावी लागते, तिला वेकलॉक म्हणतात. कुणीच वेकलॉक धरला नाही तर प्रोसेसर मंद होत नाही, चक्क थांबतो. त्यावर 2015 च्या अँड्रॉइड 6 पासून ‘डोझ’ आलं. टॅब चार्जरला नाही, स्क्रीन बंद आहे आणि तो बराच वेळ एका जागी पडून आहे, असं असेल तर अ‍ॅपचं नेटवर्क तोडलं जातं, वेकलॉकला जुमानलं जात नाही आणि मागे पडलेली कामं मधूनमधून मिळणाऱ्या छोट्या सवडीत उरकली जातात. पुढच्याच वर्षी अँड्रॉइड 7 मध्ये याची सौम्य आवृत्ती हलत्या उपकरणालाही लागू झाली.

वेग दाखवणाऱ्या अ‍ॅपचा पुरावा इथेच कोसळतो. टॅब झोपला की ते अ‍ॅपही झोपतं. झोपलेला साक्षीदार साक्ष काय देणार? जागं असताना त्याला दिसतो तो निवांत प्रोसेसर, आणि तो खालच्या वेगावरच असणार. खरी तपासणी करायची तर अँड्रॉइडमधली दोन घड्याळं जुळवून बघावीत. एक गाढ झोपेतही चालतं, दुसरं थांबतं. दोघांतला फरक म्हणजे झोपेचा वेळ, आणि अडलेल्या कामाचा हिशेब बहुधा तिथेच लागतो.

डाउनलोडची गोष्ट आणखी वेगळी. वायफायचा रेडिओ वीज वाचवायला डुलक्या काढतो आणि राउटरच्या ठरावीक इशाऱ्यांवर जागा होतो. हे इशारे साधारणपणे 102.4 मिलिसेकंदांनी येतात. तोवर त्याच्यासाठी आलेला डेटा राउटरकडे ताटकळतो. म्हणून पडून असलेल्या टॅबला पिंग केलं, म्हणजे ‘आहेस का?’ असा छोटा संदेश पाठवला, की उत्तर उशिरा येतं, आणि खापर प्रोसेसरवर फुटतं. ब्राउझरही स्वतःहून नजरेआडच्या पानांचे टायमर, म्हणजे ठरावीक वेळाने चालणारी कामं, सेकंदाला एकवर आणतो. 2021 च्या क्रोम 88 पासून काही पानांचे तर मिनिटाला एकवर.

कबुलीचं म्हणाल तर ती अ‍ॅपलची, डिसेंबर 2017 मधली. ती आयफोनबद्दल होती: बॅटरी जुनी झाल्यावर फोन अचानक बंद पडू नये म्हणून कमाल वेगाला लगाम घातला जात होता. आधी न सांगता केलं म्हणून कंपनीवर टीका झाली आणि ती रास्तच होती. पण त्यात ना टॅबलेट होता, ना बंद स्क्रीन.

आता उपाय. टॅबमध्ये सर्वात जास्त वीज खाणाऱ्या भागांत मोठी स्क्रीन येते, आणि ती तासन्‌तास उजळ ठेवली की उष्णताही वाढते. उपकरण तापलं की प्रोसेसर स्वतःला वाचवायला खरोखरच वेग उतरवतो. म्हणजे जे टाळायला निघालात तेच ओढवून घ्याल. त्यापेक्षा टॅब चार्जरला लावा, डोझचा प्रश्नच मिटतो. नाहीतर ज्या अ‍ॅपचं काम अडतंय त्या एकालाच बॅटरी ऑप्टिमायझेशनमधून सवलत द्या. सगळ्यांना दिलीत तर सकाळी बॅटरी रिकामी सापडेल.

एवढं करूनही काम मध्येच मरत असेल, तर कंपनीवर चिडायला हरकत नाही. काही उत्पादक अँड्रॉइडच्या नियमांवर आपली वेगळी कात्री चालवतात आणि नियम पाळणारी अ‍ॅपही बंद पाडतात. ही सेटिंग ‘ऑटो स्टार्ट’सारख्या नावाखाली वेगळ्याच मेनूत दडलेली असते. तक्रार करायची तर तिची करा.