भागिले दिवस

घरखर्चाच्या वहीत फुलं कुठल्या रकान्यात लिहायची, इथूनच सुरुवात झाली. किराण्यात लिहावीत, तर खाता येत नाहीत. घरसामान म्हणावं, तर आठ दिवसांत कचऱ्यात जाणारं हे कसलं सामान? मी 'किरकोळ'मध्ये टाकली. बायको म्हणाली, "किरकोळ काय हो? घरात ताजी फुलं असली की मला बरं वाटतं." 'औषधपाणी' हा रकाना मला तेव्हाच सुचला होता, पण मी तो मनातच ठेवला.

शेवटी फुलांना वेगळं पान मिळालं. आणि कोरं पान दिसलं की मला हिशेब मांडल्याशिवाय राहवत नाही. गणित सोपं होतं. गुच्छाची किंमत भागिले तो टिकलेले दिवस, की आला रोजचा खर्च. किंमत कमी करणं माझ्या आवाक्यात नव्हतं. फुलवाल्याशी घासाघीस करून मी जन्मात कधी जिंकलेलो नाही. राहता राहिले दिवस. ते वाढवायचे, असं मी ठरवलं आणि घराचा दवाखाना झाला.

पहिला रुग्ण गुलाब. तीन दिवसांत त्याने मान टाकली. मी चौकशी केली, तेव्हा कळलं की बिचारा तहानेनं गेला. गळ्यापर्यंत पाण्यात उभा होता, तरीही! देठात पाणी वर नेणाऱ्या बारीक नळ्या असतात. कापताना त्यांत हवा शिरते, पुढे पाण्यात वाढलेले जंतू त्या बुजवून टाकतात. म्हणून देठ पुन्हा तिरपा कापायचा, पाण्यात बुडणारी पानं काढून टाकायची, दाणी घासून घ्यायची, दर दोन दिवसांनी पाणी बदलायचं. इतकी सेवा मी स्वतःचीही करत नाही.

दुसऱ्या खेपेला कुणीतरी सांगितलं, पाण्यात साखर घाला, फुलांना शक्ती येते. मी सढळ हाताने घातली. शक्ती आली ती जंतूंना. पाणी गढुळलं, दाणीला असा वास सुटला की पाहुणे खिडकीजवळची खुर्ची मागू लागले. गुच्छाबरोबर जी पुडी मिळते, तिच्यात साखरेच्या जोडीला आम्ल आणि जंतुनाशकही असतं, हे मला नंतर समजलं. ती पुडी मी कचऱ्यात टाकली होती. फुकट मिळालेल्या वस्तूवर माझा विश्वास नसतो.

पण खरी भांडणं झाली ती फूल मेलं कधी म्हणायचं, यावरून. बायकोच्या मते पाकळीची कड तपकिरी झाली की संपलं. माझ्या मते पाकळी जोवर देठाला धरून आहे, तोवर दिवस मोजायचा. ग्लॅडिओलसने तर आमचं घर जवळजवळ मोडलंच. तो खालून वर उमलत जातो. खालची फुलं लोंबून गेलेली, मधली ऐन भरात, वरच्या कळ्या अजून मिटलेल्या. "हे काढा आता," ती म्हणाली. "अगं, शेंड्याला अजून चार कळ्या शिल्लक आहेत," मी म्हणालो. "तुमचा हिशेब तुमच्या खोलीत ठेवा!" मी ठेवला. सुकलेली खालची फुलं खुडली, दाणी माझ्या टेबलावर नेली आणि आणखी चार दिवस वहीत जमा केले.

एकदा मी इतिहासाचाही आधार घेऊन पाहिला. म्हटलं, फुलांपायी लोक कसे बुडतात बघ, 1637च्या फेब्रुवारीत हॉलंडमध्ये ट्यूलिपचे भाव कोसळले. "ते कंद होते ना?" तिने शांतपणे विचारलं. "पुढच्या वर्षी पुन्हा उगवणारे?" मग मी गप्प बसलो. बुडालेल्या त्या लोकांचा सौदा निदान कंदांचा तरी होता. आम्ही पैसे मोजतो ते मुळापासून तोडलेल्या वस्तूचे.

आणि मग मला कार्नेशन सापडलं. नीट पाणी बदललं तर दोन आठवडे हसत काढतं. त्याचा एकच शत्रू, पिकणारी फळं. फळांतून इथिलीन नावाचा वायू निघतो आणि कार्नेशनला तो मुळीच सोसत नाही. मी फळांची टोपली स्वयंपाकघराच्या पार पलीकडच्या कोपऱ्यात हलवली. बारावा दिवस गेला, पंधरावा गेला. रोजचा खर्च इतका उतरला की मी वही मुद्दाम उघडी ठेवू लागलो, कुणाचं तरी लक्ष जावं म्हणून.

बायकोचं लक्ष फुलांकडे होतं. "तीच ती गुलाबी तोंडं किती दिवस बघायची?" सोळाव्या दिवशी ती म्हणाली. "बाजारात सूर्यफुलं आलीत."

"ही अजून जिवंत आहेत," मी म्हणालो. ती काही बोलली नाही. मला तेव्हाच कळायला हवं होतं.

अठराव्या दिवशी सकाळी पाहतो, तर फळांची टोपली फुलदाणीला खेटून ठेवलेली. वर चांगली पिकून ठिपके पडलेली केळी, फुलांच्या अगदी नाकाशी. मी बायकोकडे पाहिलं. ती पेपर वाचत होती. मी टोपली तातडीने हलवली, पण उशीर झाला असावा. विसाव्या दिवशी सगळ्या पाकळ्या आत वळून मिटल्या.

मी वहीत लिहिलं, 'दिवस 20'. मग पट्टी घेऊन त्याच्या शेजारी आणखी एक रकाना आखला: मृत्यूचे कारण.