अलॉय व्हील ‘लाल होईपर्यंत तापवा’ म्हणे!

सध्या एक संदेश फिरतोय. जुन्या, दुर्मिळ गाडीचं अलॉय व्हील (बहुधा अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्रधातूचं चाक) खड्ड्यात वाकलं तर नवीन शोधत बसू नका. गॅस टॉर्चने लाल होईपर्यंत तापवा आणि हातोड्याने सरळ करा. तडा असेल तर आर्गन वेल्डिंग करा, ‘जोड मूळ धातूपेक्षा मजबूत होतो’. तरी हवा गेली तर ट्यूब टाका. काळेपणा अ‍ॅसिडने काढा. बॅलन्सिंग झालं की चाक पास. काल घरातल्याच एकाने हा संदेश ‘करून बघू का?’ असं विचारत पाठवला. नको, अजिबात नको.

आधी ते ‘लाल होईपर्यंत’. हे लिहिणाऱ्याने लोखंड तापवलं असेल, अ‍ॅल्युमिनियम नाही. भर उजेडात अ‍ॅल्युमिनियम लाल दिसतच नाही. बहुतेक ओतीव चाकं ए-३५६ या मिश्रधातूची असतात. त्यात साधारण ७ टक्के सिलिकॉन आणि पाव-अर्धा टक्का मॅग्नेशियम असतं. हा धातू साधारण ५५५ अंश सेल्सिअसला वितळू लागतो, तेही आधी कणांच्या सीमांवर. वरून चाक होतं तसं चंदेरी दिसतं, रंगाची वाट बघत टॉर्च चालू राहते आणि हातोडा बसला की कडा भुसभुशीत ढेकळासारखी तुटते.

पण तुटली तर सुटलात म्हणायचं. खरा घोटाळा न तुटणाऱ्या चाकात आहे. या धातूची ताकद ओतल्यावर मिळत नाही, ती टी-६ या उष्णताप्रक्रियेतून येते. चाक ५४० अंशांच्या आसपास काही तास ठेवतात, लगेच पाण्यात विझवतात आणि मग १५५ अंशांच्या आसपास पुन्हा काही तास शिजवतात. त्यातून मॅग्नेशियम-सिलिकॉनचे अतिसूक्ष्म कण तयार होतात आणि तेच धातूला वाकू देत नाहीत. टॉर्चखाली २५०-३०० अंश झाले की हे कण एकत्र येऊन जाडे होतात आणि त्या जागेची ताकद निम्म्यापर्यंत उतरू शकते. बाहेरून काहीच कळत नाही. चाक गोल असतं, चकचकीत असतं आणि पुढच्या खड्ड्यात त्याच जागी दबतं.

आता संदेशातलं अर्धसत्य, नाइलाजाने मान्य. बेंड, म्हणजे वाकलेला भाग, काढता येतो. आतल्या कडेवरचा लहान, गोलसर, तडा नसलेला बेंड हायड्रॉलिक प्रेसवर, डायल गेज (बारीक वाकडेपणा मोजणारं मापक) लावून, हळूहळू काढतात. उष्णता द्यायचीच तर १५० अंशांच्या आत, आणि तीही ठरावीक तापमानाला वितळणाऱ्या खडूने खूण करून, अंदाजाने नव्हे. स्पोकपर्यंत (मधल्या दांड्यांपर्यंत) गेलेला बेंड काढायचा नाही.

त्यानंतर डाय पेनिट्रंट चाचणी, म्हणजे तड्यात मुरणाऱ्या रंगाने तडा शोधणं, झालीच पाहिजे. रंग केमिकलने उतरवा. सँडब्लास्टिंगने मऊ धातू पसरून तड्याचं तोंड बुजतं. लाल द्रव फवारा, १०-२० मिनिटं थांबा, क्लीनरने ओलसर केलेल्या फडक्याने पुसा. क्लीनर थेट चाकावर मारला तर तड्यातला रंगही धुऊन जातो. मग पांढरा डेव्हलपर फवारा, तो तड्यातला रंग वर ओढतो. लाल रेघ उमटली म्हणजे तडा आहे, विषय संपला. आतली कडा, स्पोकची मागची बाजू आणि बोल्टच्या भोकांमधला भाग नीट बघा.

वेल्डिंग ‘मूळ धातूपेक्षा मजबूत’? आयएसओ ७१४१ या चाकांच्या धक्का-चाचणीच्या मानकात चाक १३ अंशांनी कलतं धरून त्याच्या कडेवर २३० मिलिमीटर उंचीवरून वजन सोडतात. वजन किती, तर चाकाच्या कमाल भाराच्या ०.६ पट अधिक १८० किलो. हा धक्का सोसायचा तो टी-६ झालेल्या अखंड चाकाने. वेल्डिंगनंतर जोडाशेजारचा पट्टा मऊ पडतो, आणि जुन्या धातूत मुरलेल्या तेला-मळामुळे जोडात बुडबुडे राहतात. ताकद परत आणायला सगळं चाक पुन्हा ५४० अंशांना नेऊन विझवावं लागेल. त्यात ते वेडंवाकडं होणार, म्हणजे पुन्हा लेथवर. बाहेरच्या कडेचा उडालेला टवका टिग (आर्गन) वेल्डिंगने भरणं वेगळं, ती शोभेची कामं. स्पोक किंवा हबजवळचा (चाकाच्या मध्याजवळचा) तडा कुणीही, कशानेही जोडू नये.

ट्यूबबद्दल एवढंच: हवा गळणं हीच तड्याची एकमेव सूचना असू शकते, आणि ट्यूब नेमकी तीच बंद करते. गळती बीड (टायरची रिमला टेकणारी कड) बसते तिथल्या गंजामुळे असेल तर टायर काढून ती जागा नायलॉन पॅडने घासा आणि बीड सीलर लावा. पोलादी तारेचा ब्रश नको.

अ‍ॅसिडचा सल्ला देणाऱ्याला मॅग्नेशियमची चाकं माहीतच नसावीत. लॅम्बोर्गिनी मिउराची कॅम्पॅन्योलो चाकं किंवा सुरुवातीची मिनिलाइट ही मॅग्नेशियमची होती. अ‍ॅसिड त्यांना खाऊन टाकतं. ओळख सोपी आहे: मागच्या बाजूला रंग खरवडून उघड्या धातूवर व्हिनेगरचा थेंब टाका. फसफसला तर मॅग्नेशियम, शांत राहिला तर अ‍ॅल्युमिनियम. मॅग्नेशियमचा घासलेला भुगा पेटला तर पाणी टाकू नका, आग भडकते. कोरडी वाळू टाका.

बॅलन्सिंग मशीन फक्त वजनाची वाटणी बघतं. तडा आणि मऊपणा त्याला दिसत नाही.

राहिला ‘नवीन मिळतच नाही’ हा मुद्दा. तो खोटा नाही. पण तीन तुकड्यांचं बोल्ट केलेलं चाक असेल, बीबीएस आरएससारखं, तर फक्त खराब कडा किंवा बॅरल (टायर बसतो तो नळकांड्यासारखा भाग) बदलता येतं. अखंड चाक असेल तर त्याच पीसीडी (बोल्टच्या भोकांच्या वर्तुळाचा व्यास), ऑफसेट (चाक आत-बाहेर किती बसतं ते माप) आणि सेंटर बोअरचा (मधल्या भोकाचा), भारक्षमता कोरलेला दुसरा संच रस्त्यासाठी घ्या आणि मूळ चाकं प्रदर्शनासाठी ठेवा. मिशेलिन टीआरएक्स या मिलिमीटर मापाच्या रिम-टायरवाल्यांनी मात्र टायरही तपासावा. ३९० मिलिमीटरच्या त्या रिमवर ना १५ इंची टायर बसतो, ना १६ इंची.